चोवीस सेकंद, एकतीस शतांश

नोव्हेंबर २०१० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि भारतानं तिथून चौदा सुवर्णपदकं आणली. त्या आनंदात एक कांस्यपदक मागे पडलं. पुरुषांची पन्नास मीटर बटरफ्लाय, वेळ २४.३१ सेकंद, तिसरा क्रमांक वीरधवल खाडे. मुलगा कोल्हापूरचा, वय एकोणीस.

या पदकाचं मोल कळायचं तर मागे जावं लागतं. १९५१ मध्ये पहिल्या आशियाई स्पर्धा दिल्लीत भरल्या, तेव्हा बंगालच्या सचिन नागनं शंभर मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. त्यानंतर पस्तीस वर्षं पोहण्याच्या शर्यतींत भारताच्या वाट्याला काहीच आलं नाही. १९८६ मध्ये सोलला दिल्लीच्या खजान सिंगनं दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य मिळवलं. पुन्हा चोवीस वर्षांची शांतता. मग वीरधवल. त्याच्यानंतर २०१४ मध्ये इंचिऑनला संदीप सेजवालनं पन्नास मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य मिळवलं, आणि जकार्ता, हांगझोऊ या दोन्ही स्पर्धांत पाटी कोरी. दिल्लीच्या त्या पहिल्या स्पर्धेनंतर आशियाई तलावात पोहून मिळवलेली भारताची पदकं तीनच, आणि त्यातली दोन बटरफ्लायची. यातलं एक महाराष्ट्राचं आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांतल्या किती क्रीडाशिक्षकांना ठाऊक असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो. कुस्तीतला १९५२ चा हेलसिंकी आणि खाशाबा जाधव आपल्याला पाठ आहेत, ते असायलाच हवेत. पण ग्वांगझूचे ते चोवीस सेकंदही त्याच वहीत लिहिले गेले पाहिजेत.

बटरफ्लाय हा पोहण्याच्या चार प्रकारांतला सर्वांत धाकटा. १९३० च्या दशकात अमेरिकेत छातीवर पोहणाऱ्यांना, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांना, एक वाट सापडली. हात पाण्याखालून पुढे न्यायचे असा कुठलाच स्पष्ट नियम नव्हता. मग दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकले तर? वेग वाढला. आयोवा विद्यापीठातले प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी हातांच्या या फेकीवर मेहनत घेतली, आणि त्यांचा विद्यार्थी जॅक सीग यानं दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे वरखाली मारून दाखवले. हात नवे, पाय नवे, पण नाव जुनंच, अशी ओढाताण वीसेक वर्षं चालली. अखेर १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं बटरफ्लायला स्वतंत्र प्रकार मानलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा पोहला गेला.

हा प्रकार माणसाला दमवतो. फ्रीस्टाइलमध्ये एक हात ओढत असताना दुसरा मोकळा असतो. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी ओढतात आणि एकाच वेळी हवेत असतात, त्यामुळे वेग प्रत्येक फेकीला चढतो आणि उतरतो. हातांच्या एका फेरीत पायांचे दोन फटके बसतात: एक हात पाण्यात शिरताना, दुसरा हात मांडीपाशी बाहेर पडताना. या दोन फटक्यांची वेळ चुकली की कंबर खाली जाते आणि पोहणारा पाणी कापण्याऐवजी पाणी ढकलत राहतो. नुसती खांद्यांची ताकद असलेली मुलं पहिले पंचवीस मीटर छान जातात आणि पुढच्या पंचवीस मीटरमध्ये उभीच राहतात, हे कुठल्याही तलावाच्या काठावर दिसतं. शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम लागले पाहिजेत. एक हात आधी लागला तर पंच शर्यतीतून बाद करतात.

या प्रकारानं जगाला दिलेल्या गोष्टींत मला दोन विशेष वाटतात. एक रशियाच्या व्होल्गोग्राडच्या डेनिस पांक्राटोवची. हा माणूस सूर मारल्यावर वर यायचाच नाही. पाण्याखाली फक्त पायांच्या लाटेवर इतका लांब जायचा की प्रेक्षक श्वास रोखून बघत बसायचे, आणि तो वर यायचा तेव्हा इतर मागे पडलेले असायचे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यानं शंभर आणि दोनशे मीटर, दोन्ही बटरफ्लाय जिंकल्या. शंभर मीटरमध्ये ५२.२७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. रशियात तो घराघरात पोहोचला, आणि बाहेरच्या जगात त्याच्यासारखं पाण्याखालून जाणाऱ्यांची रांग लागली. शेवटी १९९८ मध्ये नियम आला: सूर मारल्यावर पंधरा मीटरच्या आत डोकं पाण्यावर दिसलं पाहिजे. एखाद्या खेळाडूच्या पद्धतीचा धसका घेऊन नियम बदलावा लागणं, याहून मोठी पावती कुठली?

दुसरी गोष्ट १९८८ च्या सोल ऑलिंपिकची. दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या सुरिनामचा अँथनी नेस्टी शंभर मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या मॅट बिऑन्डीच्या मागे होता. शेवटच्या क्षणी बिऑन्डीनं आणखी एक हात मारायचा की नुसतं सरकत जायचं, यात सरकणं निवडलं. नेस्टीनं हात मारला. ५३.०० आणि ५३.०१. नेस्टीच्या देशात तेव्हा पन्नास मीटर लांबीचा तलाव एकच होता. एका शतांश सेकंदाची ही गोष्ट पुढे आपल्या वीरधवलच्या आयुष्यातही आली, पण उलट्या बाजूनं.

वीरधवलचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ चा. कोल्हापूर हे पाण्याचं आणि तालमींचं गाव. पंचगंगेचा घाट, रंकाळा, कोटितीर्थ, आणि आजूबाजूच्या उसाच्या मळ्यांतल्या विहिरी. पाठीला डबा बांधून पोरं पाण्यात ढकलायची आणि उन्हाळा सरेपर्यंत ती मुटके मारायला लागायची, ही तिथली रीत. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्याचा एक परिणाम असा झाला की, या गावात मुलानं खेळावर दिवस घालवणं वाया गेलं असं कोणी मानत नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, अलीकडे पॅरिसमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे, हे नेमबाज त्याच जिल्ह्यातून आले. वीरधवल लहानपणापासून पाण्यात होता आणि शाळकरी वयातच वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये मोठ्या मुलांना मागे टाकू लागला.

पण पोहता येणं आणि शर्यत पोहणं या वेगळ्या विद्या आहेत. विहिरीत तरबेज असलेला मुलगा ओढ्याच्या पुरातून सुखरूप बाहेर येईल. पन्नास मीटरच्या शर्यतीत मात्र बंदूक वाजल्यापासून पाय ठोकळ्यावरून सुटेपर्यंत किती वेळ गेला, पाण्यात शिरताना अंग एकाच भोकातून गेलं का, पाण्याखाली किती फटके मारले, श्वास किती वेळा घेतला, हे सगळं मोजून बसवावं लागतं. त्यासाठी माणूस लागतो. वीरधवलला तो बेंगळुरूमध्ये मिळाला: निहार अमीन. २०१५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले हे प्रशिक्षक त्या काळात देशातली वेगवान मुलं घडवत होते. कोल्हापूरच्या मुलाला त्यासाठी घर सोडून परराज्यात जावं लागलं. ही आपल्या राज्याच्या अभिमानाची गोष्ट नाही, पण घडलं ते असं. आईवडिलांनी मुलाला त्या वयात दूर पाठवलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

२००८ हे त्याचं वर्ष. बीजिंग ऑलिंपिकसाठी भारताचे चार जलतरणपटू गेले. दिल्लीचा संदीप सेजवाल ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, रेहान पोंचा आणि अंकुर पोसेरिया बटरफ्लायमध्ये, आणि वीरधवल फ्रीस्टाइलमध्ये, पन्नास, शंभर आणि दोनशे अशा तीन शर्यतींत. सतरावा वाढदिवस यायला दोन-तीन आठवडे बाकी होते. शंभर मीटरच्या आपल्या प्राथमिक शर्यतीत तो ५०.०७ सेकंदांत पहिला आला. एकूण क्रमवारीत बेचाळिसावा. बेचाळिसाव्या क्रमांकावर पेढे वाटत नाहीत, हे खरं. पण ऑलिंपिकच्या तलावात आठ जणांच्या रांगेत भारतीय मुलानं सर्वांत आधी भिंत गाठावी, हे दृश्य आपल्याला सवयीचं नव्हतं. त्याच तलावात काही दिवसांनी मायकेल फेल्प्सनं शंभर मीटर बटरफ्लाय ५०.५८ सेकंदांत जिंकली, सर्बियाच्या मिलोराद चाविचपेक्षा एका शतांशानं आधी.

बीजिंगनंतर ऑक्टोबरमध्ये पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. घरच्या तलावात वीरधवलनं सुवर्णपदकं जिंकली आणि महाराष्ट्रात त्याचं नाव पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत छापलं गेलं. त्या दोन वर्षांत जलतरणाचं जग एका वेगळ्याच वादात होतं. अंगाला घट्ट बसणारे, पाण्यावर तरंगायला मदत करणारे पोशाख आले होते आणि विक्रम कोसळत होते. १ जानेवारी २०१० पासून त्यांच्यावर बंदी आली, पुरुषांना पुन्हा कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या साध्या कापडावर यावं लागलं. ग्वांगझूचं पदक या बंदीनंतरचं आहे. त्या २४.३१ सेकंदांत पोशाखाचा वाटा नाही.

आता या कहाणीतली सर्वांत मोठी अडचण. पन्नास मीटर बटरफ्लाय ही शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती २००१ मध्ये आली, आशियाई स्पर्धेत २००६ मध्ये दोहाला. ऑलिंपिकमध्ये मात्र पन्नास मीटर म्हटलं की फक्त फ्रीस्टाइल. ज्या अंतरात आणि ज्या प्रकारात हा मुलगा आशियातल्या पहिल्या तिघांत होता, त्याला सर्वांत मोठ्या मैदानात दारच नव्हतं. बटरफ्लाय पोहायची तर शंभर मीटर, आणि तिथला दुसरा पन्नास हा वेगळ्या शरीराचा आणि वेगळ्या सरावाचा खेळ. म्हणून त्याला सतत फ्रीस्टाइलच्या मागे धावावं लागलं. आज त्याची कारकीर्द जोखणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. 'एकच ऑलिंपिक खेळला' असं म्हणणं सोपं आहे, पण त्याची शर्यत ज्या कार्यक्रमात छापलेलीच नव्हती तिथे त्यानं काय करावं?

पदकानंतर सन्मान आले. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार. महाराष्ट्र सरकारनं आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना थेट नियुक्ती देण्याचं धोरण घेतलं आणि वीरधवल तहसीलदार झाला. पुढे मालवणला त्याची नेमणूक झाली. सरकारचा हेतू चांगला होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पदकं मिळवून उतारवयात हलाखीत दिवस काढणाऱ्या खेळाडूंची यादी आपल्याकडे लांब आहे, आणि पोराच्या नोकरीची चिंता मिटली की घर निर्धास्त होतं. पण विशीतला, ऐन भरातला जलतरणपटू आणि तहसीलदाराची खुर्ची यांचा मेळ कसा बसायचा? सातबारा, वाळूचे ठेके, निवडणुकीची कामं, आपत्तीचे पंचनामे. मालवणला समुद्र आहे, पण शर्यतीचा पोहणारा समुद्रात तयार होत नाही. त्याला रोज सकाळ-संध्याकाळ पन्नास मीटरचा, स्वच्छ, मोजलेला तलाव लागतो, घड्याळ लागतं आणि काठावर उभा राहणारा प्रशिक्षक लागतो. त्याची काही उमेदीची वर्षं पाण्याबाहेर गेली. लंडन २०१२ हुकलं, रिओ २०१६ हुकलं. माझं स्पष्ट मत आहे की नोकरी द्यायचीच होती तर पहिली दहा वर्षं कामाचं ठिकाण तलाव असंच लिहायला हवं होतं. रेल्वे आणि सेनादल आपल्या खेळाडूंना सरावासाठी मोकळं ठेवतात. राज्याला ते तेव्हा सुचलं नाही.

आणि मग, बहुतेकांनी त्याचं नाव भूतकाळात टाकलं असताना, तो परत आला. वजन उतरवलं, पुन्हा सराव धरला. २०१७ मध्ये त्यानं ऋजुता भट हिच्याशी लग्न केलं. तीही महाराष्ट्राची वेगवान जलतरणपटू. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सत्तावीस वर्षांचा होत आलेला वीरधवल पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांत आला. नऊ वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि तो विक्रमही त्याचाच होता. बटरफ्लायमध्ये त्यानं २४.०९ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, ग्वांगझूच्या पदकापेक्षा जवळपास पाव सेकंदानं वेगवान. एकोणिसाव्या वर्षी पदक मिळवणाऱ्या मुलापेक्षा सत्तावीस वर्षांचा तहसीलदार वेगात होता. मधली वर्षं तलावात गेली असती तर, या विचारानं इथे जीव कासावीस होतो.

फ्रीस्टाइलची अंतिम फेरी झाली. फलकावर नावं आली. तिसरा जपानचा शुनिची नाकाओ, २२.४६. चौथा वीरधवल खाडे, २२.४७. एक शतांश सेकंद. त्या वेगानं पोहणारा माणूस एका शतांश सेकंदात जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर सरकतो. बोटाचं एक पेर. आठ वर्षांनंतर दुसरं आशियाई पदक बोटाच्या पेराएवढ्या अंतरानं गेलं.

त्या दिवशी भारतात किती लोक हळहळले? फार नाही. पोहणाऱ्याच्या लोकप्रियतेची हीच गोची आहे. क्रिकेटपटूचा चेहरा आपण तासन्तास बघतो. कुस्तीगीर अंगावरच्या मातीसकट आठवतो. पोहणाऱ्याच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, तोंड पाण्यात, आणि शर्यत संपेपर्यंत अर्धा मिनिटही होत नाही. त्यातून मराठी मनाला पोहण्यात लांब पल्ला जास्त भावतो. ठाण्याच्या रूपाली रेपाळेनं १९९४ मध्ये बाराव्या वर्षी इंग्लिश खाडी पार केली तेव्हा सारा महाराष्ट्र हरखला. धरमतर ते गेटवे पोहून आलेल्या मुलांचे आजही सत्कार होतात. त्यात चिकाटी दिसते, लाटा दिसतात, रात्र दिसते. पन्नास मीटरमध्ये काय दिसतं? थोडा फेस, आणि फलकावरचे आकडे. ते आकडे वाचायला शिकवणारं लेखन आपल्याकडे फारसं झालं नाही, हा दोष आम्हा लिहिणाऱ्यांचा.

याच पन्नास मीटरमध्ये महाराष्ट्रानं आणखी दोघांना मोठं होताना पाहिलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून शरीराचा खालचा भाग निकामी झालेल्या या जवानानं १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, आणि सामान्य माणसाला त्यांचं नाव कळलं ते २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आल्यावर. बावन्न वर्षांनी.

दुसरा सुयश जाधव, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचा. अकरा वर्षांचा असताना विजेचा धक्का बसून त्याचे दोन्ही हात कोपराखाली काढावे लागले. बटरफ्लाय म्हणजे काय हे वर सांगितलं आहे: दोन्ही हात एकदम पाणी ओढतात. ज्या प्रकारात तळवा आणि मनगट यांनी पाणी धरायचं, त्या प्रकारात तळव्यांशिवाय उतरायचं म्हणजे सगळा भार खांदे, छाती, पोट आणि पाय यांच्यावर. २०१८ मध्ये, वीरधवलचं पदक बोटाच्या पेरानं गेलं त्याच जकार्तात, दोन महिन्यांनी आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा झाल्या. सुयशनं पन्नास मीटर बटरफ्लाय ३२.७१ सेकंदांत जिंकली. सुवर्ण. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, पुढे टोकियोच्या पॅरालिंपिकमध्येही तो उतरला. करमाळा हा उजनीच्या पाण्याकडे डोळे लावून बसणारा तालुका. तिथून असा मुलगा निघतो, तेव्हा आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तो शेजारचा वाटतो.

शेजार म्हटल्यावर आमच्या छत्रपती संभाजीनगरचा विषय येणारच. हे शहर पाण्याच्या कारागिरीवर वसलं. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातून नहरी आणल्या, पुढे पाणचक्कीचं जातंही नहरीच्याच पाण्यावर फिरलं. आज शहर पैठणच्या नाथसागरातून पाणी उचलतं आणि तरीही वस्त्यावस्त्यांत नळ काही दिवसांआड येतो. सिद्धार्थ उद्यानाजवळ महापालिकेचा जलतरण तलाव आहे, उन्हाळ्यात तिथे पोरांची झुंबड असते. पण टंचाई आली की पहिली नजर जाते ती तलावावर, आणि तसं होणं समजण्यासारखं आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात पंचवीस लाख लिटर मावतं, म्हणजे तशा पाच गाड्या. ज्या बाईनं त्या वर्षी रात्री दोन वाजता उठून घागर भरली, तिला तलाव बांधायचाय असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तरी सांगायला हवं, आणि नीट समजावून सांगायला हवं. तलावाचं पाणी रोज ओतून टाकत नाहीत. ते गाळणीतून फिरवून, औषध घालून पुन्हा वापरतात. एकदा भरलेला तलाव वर्षानुवर्षं चालतो, भर घालावी लागते ती बाष्प होऊन गेलेल्या आणि गाळणी धुताना वापरलेल्या पाण्याची. छप्पर असलं तर तीही कमी. एका कारखान्याच्या किंवा उसाच्या फडाच्या तहानेपुढे ती किती, हा हिशेब कोणीही करून पाहावा. दुसरं असं की, मराठवाड्यात दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत शेततळ्यांत, खदानीत, कालव्यात मुलं बुडून दगावतात. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं, पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येणं अवघड. इथे तलाव आणि शिक्षक ही चैन नाही, जिवाची गरज आहे. शर्यतीचं पोहणं त्याच्या पुढची पायरी.

वीरधवलच्या कहाणीचा शेवटचा भाग थोडक्यात सांगतो. २०२० मध्ये टाळेबंदीत तलाव महिनोन्महिने बंद राहिले. इतर खेळाडू घरी दोरीउड्या मारू शकत होते, पोहणाऱ्याला पाण्यावाचून पर्याय नसतो. तलाव उघडले नाहीत तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असं तेव्हा त्यानं जाहीरपणे म्हटलं होतं. टोकियोही हुकलं. तरी तो थांबला नाही. २०२३ च्या शरद ऋतूत हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो पुन्हा उतरला, आणि त्यानंतर गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राकडून पणजीच्या तलावात पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. महिलांच्या पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण ऋजुतानं जिंकलं. देशातला सर्वांत वेगवान पुरुष आणि सर्वांत वेगवान महिला एकाच घरातले. बत्तिसाव्या वर्षी, जिंकूनच, त्यानं स्पर्धात्मक पोहणं थांबवलं.

२४.०९ चा त्याचा बटरफ्लायचा विक्रम सहा वर्षं टिकला. २०२४ मध्ये मंगळुरूच्या राष्ट्रीय स्पर्धेत तमिळनाडूचा बेनेडिक्शन रोहित २३.९६ मध्ये आला, चोवीस सेकंदांच्या आत येणारा पहिला भारतीय. पुण्याचा मिहीर आंब्रे याच अंतरात महाराष्ट्राचं नाव राखून आहे. म्हणजे वाट बंद पडलेली नाही.

आणि एप्रिल २०२५ मध्ये एक निर्णय झाला, ज्याची वाट वीरधवलनं त्याच्या सगळ्या कारकिर्दीत पाहिली असती. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोक या तिन्ही प्रकारांच्या पन्नास मीटर शर्यती पहिल्यांदा होणार आहेत. ग्वांगझूच्या पदकानंतर अठरा वर्षांनी त्या शर्यतीला ऑलिंपिकचं दार उघडेल. आता ज्या मुलाचे खांदे रुंद आहेत, सूर जोरात आहे आणि शंभर मीटरचा दम नाही, त्यालाही ऑलिंपिकचं स्वप्न बघता येईल. हे आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी मनावर घ्यावं.

पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. एप्रिल-मेच्या शिबिरात मुलगा किंवा मुलगी पोहायला शिकते, जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पोहणं तिथेच थांबतं. या वर्षी ते थांबवू नका. प्रशिक्षकांना भेटा, मुलीची पन्नास मीटरची वेळ विचारा, ती वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.